झेडपीच्या शाळेतून नवोदयला: तिसरीपासून नववीपर्यंत काय-काय करायचे

दोनशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवीची मुले दोन खोल्यांत, आणि दोनपैकी एक गुरुजी कधी बैठकीला तर कधी ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले. अशा शाळेतले एखादे मूल चलाख आहे हे सगळ्या वाडीला माहीत असते. त्याला पुढे कुठे घालायचे हे मात्र कोणी सांगत नाही. जवाहर नवोदय विद्यालये अशाच मुलांसाठी निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची ही योजना, आणि तिच्या पहिल्या दोन प्रायोगिक शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. आता बहुतेक जिल्ह्यांत एकेक आहे. पुणे जिल्ह्याची शिक्रापूरला, कोल्हापूरची कागलला, सांगलीची पलूसला. गोव्यात वाळपई आणि काणकोण. मुंबई शहरात नाही, कारण योजनाच ग्रामीण मुलांसाठी आहे.

शाळा निवासी, सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्डाची. पाचवीत असताना द्यायच्या निवड परीक्षेतून सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तोही माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी दर वेगळा आणि जास्त आहे.

पालकांचा सगळा जोर परीक्षेवर असतो. पण कागदांचा हिशेब तिसरीतच सुरू होतो आणि अभ्यासाची खरी ओढाताण आठवी-नववीत होते. म्हणून हा लेख तिसरीपासून सुरू करतो.

तिसरी-चौथी: शाळा बदलण्याआधी हे वाचा

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. ग्रामीण कोण? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण सत्र ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत पट लागला, तरी मूल शहरी धरले जाते. घर गावात आहे, सातबारा गावचा आहे, याचा इथे उपयोग नाही. शाळा कुठे आहे ते पाहतात.

आपल्याकडे हे हमखास कुठे चुकते? अनेक झेडपी शाळा चौथीपर्यंतच असतात. मग पाचवीला मूल तालुक्याच्या हायस्कुलात जाते. २०१४-१५ च्या सुमारास महाराष्ट्रात बऱ्याच तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. गाव दिसायला तेच, आठवडे बाजार तोच, पण शासनाच्या अधिसूचनेनुसार ते शहरी. तिथल्या शाळेत पाचवीला नाव घातले की ग्रामीण जागेवरचा हक्क गेला. मग उरलेल्या २५ टक्क्यांत, जिल्ह्यातल्या सगळ्यांशी स्पर्धा. पाचवीसाठी दुसरी शाळा शोधायचीच असेल तर ग्रामपंचायत हद्दीतली शोधा, आणि नाव घालण्याआधी तिथल्या मुख्याध्यापकांना सरळ विचारा: शाळेची नोंद ग्रामीण आहे की शहरी?

दुसरा घोळ निवासी 'नवोदय अकॅडमी'चा. नाव झेडपीच्या पटावर ठेवायचे आणि मूल वर्षभर दुसऱ्या जिल्ह्यातल्या अकॅडमीत बसवायचे, असा सल्ला सर्रास मिळतो. नियम असा की पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतो त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येते आणि पालकांचे वास्तव्यही तिथेच हवे. प्रवेशाच्या वेळी हजेरीचे कागद मागितले आणि खोटेपणा निघाला तर निवड रद्द होते. मुख्याध्यापकही अडचणीत येतात. करू नका.

चौथीतच पुढचे चार कागद जुळवून ठेवा:

- शाळेचे जनरल रजिस्टर आणि आधार यांवर नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी. एकीकडे 'सार्थक', दुसरीकडे 'सारथक' असे असेल तर आधार दुरुस्त करायला महिना-दोन महिने हाताशी हवेत.
- जन्माचा दाखला.
- पालकांचा रहिवासी दाखला.
- राखीव जागेवर हक्क असेल तर जातीचा दाखला.

जातीच्या दाखल्याबाबत एक खास महाराष्ट्रातली गफलत. नवोदय केंद्र सरकारची असल्याने ओबीसींची केंद्रीय यादी चालते आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. सेतूत गेल्यावर 'केंद्राचा नमुना' हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचा हातात ठेवतात. राज्यातला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग इथे चालत नाही. विमुक्त-भटक्यांसाठी वेगळ्या जागा नाहीत. जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते पाहावे.

पाचवी: अर्ज

अर्ज साधारण पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्यावर निघतो. मुदत कधीकधी वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. तारखा नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावरच पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या वर्षीची जाहिरात फिरत असते.

वयाची अट दर वर्षी जन्मतारखांच्या मर्यादेत दिलेली असते. २०२६-२७ च्या सहावीसाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ च्या दरम्यानचा लागत होता. दर वर्षी दोन्ही तारखा एक वर्ष पुढे सरकतात. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. यंदा जमले नाही म्हणून पाचवी पुन्हा करून बसू, हा मार्ग बंद आहे.

क्रम असा ठेवा:

१. संकेतस्थळावरून प्रमाणपत्राचा नमुना उतरवून छापा. त्यावर मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही, मुख्याध्यापकांची सही व शिक्का. तिसरी-चौथी-पाचवीच्या शाळांची नावे आणि ग्रामीण की शहरी हे मुख्याध्यापक याच कागदावर लिहितात. लिहिलेले तुम्ही स्वतः वाचा.

२. या कागदाचा, फोटोचा आणि दोन्ही सह्यांचा स्वच्छ फोटो काढून जेपीजीत ठेवा. फाइल किती केबीची चालते ते अर्जाच्या पानावरच दिलेले असते. अर्ज पुढे सरकत नाही तेव्हा बहुतेक वेळा फाइल मोठी असते.

३. अर्ज भरा. शुल्क नाही. नेट कॅफेवाला घेतो ते त्याच्या कामाचे.

४. परीक्षेचे माध्यम 'मराठी' निवडा. शाळा मराठी आणि अर्जात इंग्रजी, ही चूक नवलाची नाही. 'पुढे सगळे इंग्रजीतच आहे' या विचाराने पालकच ती करतात. परीक्षेच्या दिवशी पुस्तिका बदलून मिळत नाही.

५. अर्जाची छापील प्रत आणि नोंदणी क्रमांक जपून ठेवा. मोबाइल नंबर घरातल्या माणसाचा द्या, कॅफेवाल्याचा नको. निकाल आणि प्रतीक्षा यादीचे निरोप त्यावरच येतात.

मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात. त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि माध्यम एवढेच बदलता येते. नाव आणि जन्मतारीख पहिल्याच फेरीत बरोबर हवी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे वेळापत्रक वाकडे पडते. अर्ज पावसाळ्यात, म्हणजे आईबाप गावात असताना भरला जातो, पण परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, ऐन गाळप हंगामात. मूल टोळीबरोबर गेले तर हजेरी तुटते आणि परीक्षेला आणणार कोण हाही प्रश्न राहतो. दसऱ्याआधीच ठरवा: मूल आजी-आजोबांकडे राहील की हंगामी वसतिगृहात, प्रवेशपत्र कोण काढेल, केंद्रावर कोण नेईल. वर्गशिक्षकांना हे नाव आणि नंबर लिहून द्या.

पेपर कसा असतो

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना, भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा आणि हिशेबाने प्रत्येकाला दीड मिनिट. चार पर्याय, ओएमआर पत्रिका (म्हणजे गोल रंगवून उत्तर द्यायची), चुकीला गुण कापत नाहीत. दिव्यांग मुलांना ४० मिनिटे जादा.

बुद्धिमत्तेचे दहा प्रकार ठरलेले आहेत, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती, तीच आकृती शोधणे, अपुरा नमुना पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, आकृत्यांतला संबंध, चौरस-त्रिकोण-वर्तुळ पूर्ण करणे, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, तुकडे जोडून आकृती, आणि मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. सगळ्या आकृत्याच, वाचायचे जवळजवळ काही नाही. म्हणून दुर्लक्षित शाळेतल्या मुलालाही हा भाग लवकर येतो. सरावाला जाड गाईड घ्यायच्या आधी घरातल्या वस्तू घ्या.

आरशासाठी खरा आरसा. आकृतीच्या शेजारी उभा धरला की डावे-उजवे उलटते, वर-खाली तसेच राहते. आकृतीच्या खाली धरला की वर-खाली उलटते. मुले हे दोन्ही एकत्र उलटवतात आणि चुकतात. आधी मनाशी उत्तर ठरवायचे, मगच आरसा लावून पाहायचे.

घडीच्या कागदासाठी जुनी वर्तमानपत्रे. एकदा घडी घालून एक भोक पाडले की उघडल्यावर दोन, दोनदा घातली की चार. पण घडी अर्धवट असेल आणि भोक एकेरी भागावर पडले असेल तर एकच. पर्याय खोडायला आधी भोकांची संख्या मोजायची, मग जागा पाहायची. आठवडाभर रोज दहा कागद फाडले तर हा प्रकार पक्का होतो.

वर्तुळ-चौरस पूर्ण करण्यासाठी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून तुकडे करा. तुकडा फिरवून बसतो, उलटा करून बसवायचा नाही, हे हातानेच कळते.

अंकगणितात नवीन काही नसते, पण एककांत मुले पडतात. ३.०५ लिटर म्हणजे ३०५० मिलिलिटर. मुले ३५०० लिहितात. अडीच तास म्हणजे २ तास ३० मिनिटे, २.५ पाहून २ तास ५० मिनिटे लिहितात. पर्यायांत नेमकी हीच चुकीची उत्तरे ठेवलेली असतात. परिमिती आणि क्षेत्रफळाचेही तसेच: १२ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणाला ४० मीटर तार लागते, फरशी मात्र ९६ चौरस मीटर. लसावि-मसावि, अपूर्णांक, वेग-अंतर-वेळ आणि सरळव्याज यांची रोज पाच-पाच उदाहरणे. ३० पर्यंत पाढे तोंडपाठ नसतील तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तेवढेच करा, कारण दीड मिनिटात भागाकार मांडत बसायला वेळ नसतो.

भाषेचा भाग क्लासवाले उरकतात आणि तिथेच कच्च्या शाळेतली मुले मागे पडतात. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, एकूण अर्धा तास. म्हणजे उतारा वाचून पाच उत्तरे द्यायला साडेसात मिनिटे. ज्या वर्गात धडा गुरुजीच वाचतात आणि मुले मागून म्हणतात, तिथले मूल मनातल्या मनात वाचायला शिकलेलेच नसते. ओठ हलवत, बोट ठेवत वाचते. यावर उपाय व्याकरणाच्या पुस्तकात नाही. चौथीच्या सुट्टीपासून रोज १५ मिनिटे मूकवाचन, शाळेच्या पेटीतली गोष्टीची पुस्तके चालतील, वर्तमानपत्राची मुलांची पुरवणी चालेल. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून तीन प्रश्न: काय झाले, का झाले, लेखकाने सांगितले नाही पण आपल्याला कळले असे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले की उतारे सुटायला लागतात.

रोज ४०-५० मिनिटे पुरतात. दिवाळीनंतर दर रविवारी एक पूर्ण पेपर, साडेअकरा ते दीड, घड्याळ लावून. परीक्षेची वेळही तीच असते, त्यामुळे जेवणाची आणि लघवीची सवय त्या वेळेला बसते. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही बारीकसारीक बाब नाही.

ओएमआर आणि परीक्षेचा दिवस

झेडपीतल्या मुलाने परीक्षेआधी कधी पेनाने गोल रंगवलेला नसतो. निळा किंवा काळा बॉलपेन लागतो. पेन्सिल चालत नाही, व्हाइटनर चालत नाही, एकदा रंगवलेला गोल बदलता येत नाही. ओएमआरच्या २० झेरॉक्स काढा आणि रविवारच्या प्रत्येक पेपरला वापरा. रोल नंबरचे गोलही रंगवायला लावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक: २३ वा प्रश्न सोडला आणि २४ व्याचे उत्तर २३ च्या ओळीत रंगवले. तिथून पुढची सगळी उत्तरे एक घर सरकतात. यासाठी सवय लावा, की पुस्तिकेचे एक पान झाले की लगेच गोल रंगवायचे आणि रंगवताना प्रश्नाचा क्रमांक पुटपुटायचा. शेवटची पाच मिनिटे राखून ठेवायची. गुण कापले जात नसल्याने एकही ओळ कोरी सोडायची नाही.

केंद्र तालुक्याला असते. आदल्या दिवशी एसटीची वेळ विचारून ठेवा, पहिली गाडी चुकली तर दुसरी कोणती हेही. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, दोन वापरलेले पेन. नवा पेन ऐन वेळी अडतो.

नंबर लागल्यावर

निवड कागदपत्रे तपासेपर्यंत तात्पुरती असते. तिसरी ते पाचवीचे शाळेचे दाखले, ग्रामीण असल्याचे प्रमाणपत्र, रहिवासी, जन्म, जात, वैद्यकीय तंदुरुस्ती या सगळ्यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स लागतात. शाळेचे पत्र हातात येईपर्यंत आधीच्या शाळेतून टीसी काढू नका. पहिल्या यादीत नाव नसेल तरी फोन चालू ठेवा. काही मुले प्रवेश घेत नाहीत, कोणाचे कागद अडतात, आणि त्या जागा प्रतीक्षा यादीतून भरतात.

अंथरूण-पांघरूण, गणवेश, साबण-तेलासारख्या रोजच्या वस्तू शाळा देते. तुम्ही द्यायचे ते कुलपाची पेटी, किल्ली दोन (एक मुलाच्या गळ्यात, एक हाउसमास्तरांकडे, म्हणजे मुलाच्या सदनाच्या शिक्षकांकडे), घरचे तीन-चार कपडे, स्लीपर, टॉर्च. सोन्याची बाळी घरी काढून ठेवा. मोबाइल बाळगू देत नाहीत.

नेण्याआधी महिनाभर मुलाला शिकवा: स्वतःचे कपडे धुणे, ताट घासणे, वेणी घालणे, पेटीला कुलूप लावणे, ताप आला तर मोठ्या माणसाला सांगणे. ज्याला हे येते ते मूल कमी रडते. रडते मात्र प्रत्येकच. पहिले तीन आठवडे जड जातात, विशेषतः रविवारची संध्याकाळ. फोनवर 'न्यायला या' म्हटले की लगेच गाडी काढून जाऊ नका. 'पुढच्या भेटीच्या दिवशी येतो' असे सांगा आणि त्या दिवशी नक्की जा. एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही. पण मूल जेवत नसेल, अंथरुणात लघवी करू लागले असेल किंवा मार खाल्ल्याचे सांगत असेल तर तो घरचा विरह नाही. त्याच दिवशी हाउसमास्तरांशी आणि प्राचार्यांशी बोला.

मुले चार सदनांत विभागतात: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. पहाटे पीटी, दिवसभर वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यासिका. गावच्या शाळेत पहिले येणारे मूल इथे तिसावे येऊ शकते. पहिल्या घटक चाचणीनंतर घरच्यांनी तोंड पाडले तर मुलाला ते दिसते.

आठवी-नववीची खिंड

सुरुवातीचे वर्ग मातृभाषेत किंवा प्रादेशिक भाषेत चालतात. सातवी-आठवीनंतर मात्र गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून. परीक्षेत अव्वल आलेली मुले इथे अडखळतात आणि त्यांना वाटते आपले डोके कमी पडले. कमी पडतात ते शब्द.

म्हणून सहावीपासून एक वही ठेवायला लावा. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी: अपूर्णांक फ्रॅक्शन, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, लसावि एलसीएम, परिमिती पेरिमीटर, प्रकाशसंश्लेषण फोटोसिंथेसिस. आठवड्याला वीस शब्द, इंग्रजी स्पेलिंगसह. सुट्टीत घरी आल्यावर पालकांनी, त्यांना इंग्रजी येत नसले तरी, डावी बाजू वाचून उजवी विचारावी. आठवीच्या उन्हाळ्यात गणिताची शाब्दिक उदाहरणे इंग्रजीतून वाचायची. सोडवली नाहीत तरी चालेल, काय विचारले आहे ते मराठीत सांगता आले पाहिजे.

नववीत आणखी एक धक्का असतो. राष्ट्रीय एकात्मतेसाठी हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक राज्यांतल्या विद्यालयांत नववीची ३० टक्के मुले एक वर्षासाठी अदलाबदल होतात. आपले मूल उत्तरेतल्या एखाद्या नवोदयला वर्षभर जाऊ शकते. हे प्रवेशाच्या वेळीच माहीत असलेले बरे, म्हणजे ऐन वेळी आजीच्या तब्येतीची सबब काढावी लागत नाही.

सहावीला नंबर लागला नाही तर

नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी निवड परीक्षा असते. मूल त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत आठवीत शिकत असले पाहिजे. अडीच तास, १०० प्रश्न: इंग्रजी १५, हिंदी १५, गणित ३५, विज्ञान ३५. सहावीची परीक्षा मराठीत देता येते, ही मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच. जागा मोजक्या असतात, कुठे चार तर कुठे दहा.

आठवीतच एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षाही असते. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. नवोदयमध्ये शिकणाऱ्याला ती मिळत नाही, पण दोन्ही परीक्षांना बसायला हरकत नाही. विज्ञान-गणिताचा अभ्यास सारखाच. फक्त नवोदयसाठी सातवीच्या सुट्टीतच आठवीची सीबीएसईची इंग्रजी किंवा हिंदी पुस्तके मिळवा. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवता येतात, आणि आधी विज्ञानाचे उघडा, कारण शब्दांचा भार तिथे जास्त आहे.